उग्र देवतेच्या मुलखात बंड कुणाशी?

वेरूळच्या चौदाव्या लेण्याला गाइड ‘रावण की खाई’ म्हणतात. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर तिथं सप्तमातृका बसलेल्या आहेत, लेकरं कुशीत घेऊन. त्यांच्याच पंगतीला काल आणि काली. अंगावर मांस म्हणून नाही. बरगड्या, गुडघ्यांच्या वाट्या, खपाटीला गेलेलं पोट, विचकलेले दात. सुमारे तेराशे वर्षं हे सांगाडे लेकुरवाळ्या आयांच्या शेजारी बसून आहेत. छत्रपती संभाजीनगरहून सहलीला आलेली पोरं त्यांच्यासमोर उभी राहून डबे कुठं उघडायचे याची चर्चा करतात. दचकत कुणीच नाही.

असलाच सांगाडा १९९२ साली नॉर्वेतल्या एखाद्या ब्लॅक मेटल कॅसेटच्या वेष्टनावर असता, तर तो देवाविरुद्ध काढला आहे हे पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागलं नसतं. वेरूळला तो देवाच्याच घरात आहे. या एका फरकानं त्या संगीताचं सगळं तत्त्वज्ञान अडचणीत येतं.

ब्लॅक मेटल ज्यांच्या कानावरून गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हेवी मेटलच्या घराण्यातला हा सगळ्यात कडवट पोटप्रकार. गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलेला, ड्रमवर न थांबणारा मारा, ज्याला वादक ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात, आणि शब्द कळूच नयेत अशी घशातून ओढून काढलेली किंकाळी. नाव मिळालं ते इंग्लंडच्या ‘व्हेनम’ या बँडच्या १९८२च्या अल्बमवरून. पण त्या मंडळींसाठी सैतान हा बराचसा तमाशाचा भाग होता. नॉर्वेच्या विशी-बाविशीतल्या पोरांनी तो खरा मानला. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च जळून राख झालं आणि पाठोपाठ आणखी चर्च पेटली. त्या देशात २०१२ सालच्या घटनादुरुस्तीपर्यंत लुथरन चर्च हाच राज्याचा धर्म होता. बंड कुणाविरुद्ध, हा प्रश्न तिथं कुणाला पडण्याचं कारणच नव्हतं.

जाळून झाल्यावर मात्र पुढं काय, हा प्रश्न उभा राहिला. सैतान हा अखेर ख्रिस्ती धर्मानंच घडवलेला. त्याची पूजा करणारा माणूस उलट्या दारानं चर्चमध्येच शिरतो. मग या पोरांतली काही जण चर्चच्याही मागं गेली, आजीच्या गोष्टींकडं, डोंगरातल्या भुतांकडं, गावच्या बोलीकडं. ओस्लोच्या ‘उल्वर’नं १९९५ साली ‘बर्गटाट’ काढला: डोंगरातल्या अमानवी शक्तींनी एका मुलीला पळवून नेल्याची लोककथा, जुन्या वळणाच्या भाषेत, मधेच बासरी आणि साधी लाकडी गिटार. सोग्नदालचा ‘विंदिर’ आपल्या खोऱ्याच्या बोलीत गायला. त्याचा म्होरक्या वाल्फार जानेवारी २००४ मध्ये त्याच डोंगरात हिमवादळात सापडून गेला. रुमानियातल्या तिमिश्वाराच्या ‘नेगुरा बुंगेत’नं २००६च्या ‘ओम’ या अल्बमच्या काळात ‘तोआका’ वापरायला घेतला. तोआका म्हणजे ऑर्थोडॉक्स मठांत भिक्षूंना प्रार्थनेला बोलावण्यासाठी हातोडीनं वाजवायची लाकडी फळी. ज्या संगीताचा जन्म चर्चच्या द्वेषातून झाला, त्यात मठाची हाक आली, आणि चाहत्यांनी ती आपल्या मातीचा आवाज म्हणून डोक्यावर घेतली.

या अल्बमांमधली माती खरी आहे, देव मात्र गेलेले आहेत. ओडिन आणि थोर यांची पूजा नॉर्वेत हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी मोडून काढली. आज एखादा गायक ओडिनला हाक मारतो तेव्हा त्या हाकेला ओ देणारा पुजारी नाही, जत्रा नाही, नवस फेडायला आलेली बाई नाही. या संगीतातलं धुकं, बर्फ, लांबच लांब सुरावटी, जिला ‘अॅटमॉस्फेरिक’ म्हणतात ती सगळी वातावरणनिर्मिती, त्या रिकाम्या जागेतून येते. ते विरहाचं संगीत आहे, आणि त्याचं सौंदर्यही त्यातच आहे.

आता हे गणित मराठी मुलखात मांडून पाहावं.

मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’नं ते एकदा मांडलं. साहिल मखिजानं २००० साली उभा केलेला हा बँड ब्लॅक आणि डेथ मेटलच्या सीमेवर वाजवतो. २०१० साली तो ओस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजवून आला, तोही ईस्टरच्या दिवसांत, कारण हा महोत्सव भरतोच तेव्हा. २०१७ साली त्यांचा ‘दशावतार’ आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणं, विजेच्या गिटारींच्या जोडीला भारतीय वाद्यांचे स्वर. धाडसी काम होतं. पण ‘दशावतार’ नावाचंच एक काम वेरूळला, पंधराव्या लेण्यात, आठव्या शतकात होऊन गेलेलं आहे. तिथला नृसिंह हिरण्यकशिपूवर झेप घेतो तो क्षण दगडात असा पकडलाय की मारणारा आणि मरणारा दोघं एकाच नाचात असल्यासारखे वाटतात. शैव बाजूला भैरव अंधकाला भाल्यावर उचलतो आणि खाली काली रक्त झेलायला टपलेली असते. दंतिदुर्ग राष्ट्रकूटाचा शिलालेख याच लेण्यावर आहे, म्हणजे हे एखाद्या बंडखोराचं काम नव्हे, राजमान्य काम आहे.

त्यामुळं ‘दशावतार’ ऐकताना एक विचित्र गोष्ट जाणवते. संगीत पूर्ण आक्रमक, आणि आशय पूर्ण सनातन. नॉर्वेतलं हेच संगीत धर्माच्या दारावर लाथ मारत आलं. इथं ते कीर्तनकाराइतकं आज्ञाधारक होऊन पुराण सांगतं. यात काही चूक आहे असं नाही. पण मायभूमीचा अल्बम म्हणायला तो फार रुंद आहे. दशावतार काश्मीरपासून केरळपर्यंत कुठंही चालतात. त्यात गाव नाही, वेस नाही, बोली नाही, आणि गाणी मुख्यतः इंग्रजीत आहेत.

उलट टोकाला प्राहाचा ‘कल्ट ऑफ फायर’. या चेक बँडनं २०१३च्या अल्बमला नाव दिलं ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’, आणि ते छापलं देवनागरीत. गाण्यांची नावंही देवनागरीत. कालीची, स्मशानसाधनेची ओढ त्यांना इतकी की रंगमंच म्हणजे जवळजवळ देव्हारा. युरोपातल्या चाहत्यांना नाव वाचता येत नव्हतं, छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एखाद्या पोराला ते सहज वाचता आलं असतं. आतलं गाणं मात्र दोघांनाही सारखंच कळलं नसतं, तेवढी समता या संगीतात आहे. प्राहाला काली हवी कारण ती परकी आहे. परकेपणातून येणारी भीती हीच तिथं श्रद्धेच्या जागी बसते.

मराठवाड्यात अशी उग्र देवी परकी नाही. ती कुलदैवत आहे, तिच्या नावानं लग्नानंतर घरात गोंधळ घातला जातो, आणि गोंधळाच्या उगमाची आख्यायिका कुठल्याही मेटल बँडला हेवा वाटावा अशी आहे. परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या शिरापासून आणि शिरांच्या तारांपासून वाद्य केलं, आणि ते आई रेणुकेसमोर वाजवून तिला वंदन केलं. तो पहिला गोंधळ. रेणुका म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या माहूरची. याच परशुरामानं बापाच्या आज्ञेवरून याच आईचं मस्तक उडवलं होतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आईला मारणारा मुलगा, दैत्याच्या कवटीचं वाद्य, आणि ते वाद्य वाजतं कुठं? नव्या जोडप्याचा संसार सुखाचा व्हावा म्हणून, अंगणात, पाहुण्यारावळ्यांसमोर. पाटावर चौक भरलेला, कलश मांडलेला, दिवटी पेटलेली. संबळाचं एक तोंड खोल घुमतं, दुसरं कडाडतं, तुणतुण्याची एकच तार रात्रभर एकच स्वर धरून राहते. गोंधळी आधी देवांना आवतण देतो, तेही गावाचं नाव घेऊन: तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. मुलखाचा नकाशाच तो तोंडानं वाचतो. मग आख्यान, आणि पहाटे आरती करून सगळे देव मार्गस्थ.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. गोंधळाला यजमान लागतो, आणि बोलावलेल्या उग्र शक्तीला परत पाठवायची वेळ ठरलेली असते. ब्लॅक मेटलचा अल्बम शक्तीला बोलावतो, निरोप मात्र देत नाही. तिथं शेवटचं गाणं बहुधा वाऱ्याच्या आवाजात विरून जातं. विधी आणि कला यांच्यातली सीमा कुठून जाते, हे एवढ्यावरून दिसतं.

पण भीती आवडते का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं सगळ्यात बारकाईचं उत्तर नाट्यशास्त्राच्या परंपरेत मिळतं. भरतानं सांगितलेल्या आठ रसांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तिन्ही आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मा कारभार असल्या अप्रिय भावनांचा. नॉर्वेचे राजे ओडिनच्या मूर्ती फोडत होते साधारण त्याच काळात, इसवी सन १०००च्या आसपास, काश्मीरमध्ये अभिनवगुप्त यावर भाष्य लिहीत होता. भयानकाचं उदाहरण म्हणून तो शाकुंतलातलं हरीण घेतो, दुष्यंताच्या बाणाच्या धास्तीनं मान वळवून मागं पाहत पळणारं. प्रेक्षकाला वाटणारी भीती ना हरणाची ना स्वतःची. ती कुणाचीच नसल्यामुळं चाखता येते. याला तो साधारणीकरण म्हणतो. एरवी कोरडा वाटणारा हा सिद्धांत मेटलच्या गर्दीला अगदी चपखल बसतो: किंकाळी कुणाची आहे हे न कळणं हीच तिथली सोय आहे. आणि हा अभिनवगुप्त स्वतः भैरवाचा उपासक होता. भयाचा आस्वाद आणि भयाची उपासना या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमल्या होत्या, त्यासाठी त्याला कुठलं देऊळ जाळावं लागलं नाही.

इथपर्यंत सगळं सोयीचं चाललंय असं वाटेल. उग्रता आपल्याकडं देवघरातच आहे, म्हणून बंडाची गरज नाही. युरोपनं शिकावं, आपण ऐटीत राहावं. मराठी सांस्कृतिक लेखनात हा सूर वारंवार लागतो आणि तो तपासायला हवा. कारण भीती कुणाचीच नाही, हे रसिकाच्या बाबतीत खरं असलं तरी मरीआईच्या बाबतीत ती नेहमी कुणाची तरी होती.

मरीआई म्हणजे पटकीची देवी. तीच रोग आणते आणि तीच नेते, असा समज. नॉर्वेच्या सैतानाला देवाशी भांडण तरी करता येतं. इथं मारणारी आणि तारणारी एकच असल्यामुळं भांडायला समोर कुणी उरत नाही, फक्त मनधरणी उरते. पटकीची साथ आली की गाव मरीआईचा गाडा काढून वेशीबाहेर नेऊन सोडत असे. वेशीबाहेर म्हणजे पुढच्या गावाच्या शिवारात, हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. आणि ही मनधरणी करायचं काम गावानं ज्याच्यावर टाकलं होतं तो पोतराज. बहुधा मातंग समाजातला, केस वाढवलेला, कमरेला खणांचा घागरा, पायांत घुंगरू, उघड्या अंगावर स्वतःच आसूड ओढणारा. सोबत डोक्यावर देव्हारा घेतलेली बायको ढोलकं वाजवते. कित्येक पोतराज आईबापांनी नवस बोलून लहानपणीच देवीला वाहिलेले. त्याच्या पाठीवरचा वळ साधारणीकृत नव्हता.

छायाचित्रकारांना पोतराज फार आवडतो. उद्या एखाद्या मेटल अल्बमच्या वेष्टनावर तो शोभूनही दिसेल. गिटारच्या भिंतीमागं आसुडाचा कडाका ध्वनिमुद्रित करून टाकला, की झालं ‘मातीतलं’ संगीत. युरोपातल्या लोककथांच्या ब्लॅक मेटलमध्ये हा पेच फारसा येत नाही, कारण थोरचा हातोडा वाहण्याची सक्ती आज कुठल्याही जातीवर नाही. देव मेलेले असण्याचा हा एक फायदा. इथं देव जिवंत आहेत म्हणून त्यांची वेठही जिवंत आहे, आणि जो तिच्यातून बाहेर पडला त्याला तिचं सौंदर्य दुसऱ्यानं समजावून सांगणं हा उद्धटपणा आहे. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक कुटुंबांनी देवपाटावरचे टाक, परड्या, कवड्यांच्या माळा नदीत सोडल्या. बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकून निघालेल्या पहिल्या पिढीसाठी ते विसर्जन म्हणजेच मुक्ती होती. मराठवाड्यात धर्माविरुद्धचं खरं बंड झालं ते असं, एकही देऊळ न जाळता. त्याला स्वतःचं संगीतही होतं, भीमगीतांचं, जलशांचं. त्यात अंधार जवळजवळ नाही; बंडखोरांना उजेड हवा होता.

उसना आवाज घेण्याचा एक जुना दाखला छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, पैठणात सापडतो. एकनाथांनी सोळाव्या शतकात गोंधळ, जोगवा, वाघ्या, भुत्या अशा कितीतरी रूपांत भारुडं लिहिली. त्यांच्या जोगव्यात परडी आहे, देवीही आहे, पण मागणं विवेकाचं आहे. बाहेरची उग्र देवता त्यांनी आत वळवली. देवगिरीच्या किल्ल्यात जनार्दनस्वामींजवळ वेदान्त शिकलेला हा ब्राह्मण कवी वेशीबाहेरच्यांच्या तोंडून बोलतो, हे त्या काळात लहान धाडस नव्हतं. तरी भारुडातला जोगी एकनाथांचं अद्वैत सांगतो, स्वतःचं दुखणं सांगत नाही. सोंग उतरवल्यावर एकनाथ वाड्यात परत जाऊ शकत होते. हा हिशेब आजच्या गिटारवाल्यालाही चुकत नाही.

परदेशात या हिशेबाला भिडलेला एक अल्बम आहे. अमेरिकेच्या ऑस्टिन लननं ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावानं २०१२ साली ‘केंटकी’ काढला. बँजोच्या डोंगरी सुरावटी आणि ब्लॅक मेटल यांचं मिश्रण, पण त्यात देव-दानव नाहीत; कोळसा खाणीतले मजूर, त्यांचे संप, त्यांची जुनी युनियनची गाणी आहेत, आणि खाणींसाठी फोडलेले डोंगर. मायभूमी म्हणजे पूर्वजांचं रक्त, असा जो सूर या संगीतात पूर्व युरोपपासून स्कँडिनेव्हियापर्यंत कधी कधी अंगावर येतो आणि थेट वंशवादाच्या दाराशी जाऊन उभा राहतो, त्याला लननं न भांडता बाजूला सारलं. मायभूमी म्हणजे इथं कोण राबलं, हे त्यानं गायलं.

मराठवाड्याला असा विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. वेरूळ ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलंय तो दख्खनच्या लाव्हाचा थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; पाणी सहज मुरू न देणारा तोच कातळ दुष्काळाचंही एक कारण आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांचे हात आणि वेरूळचं कैलास लेणं कोरणाऱ्यांचे हात यांच्या मधे बाराशे वर्षं आहेत, दगड एकच. नॉर्वेच्या पोरांना थंडी मिळाली, इथं वैशाखातली दुपार आहे, आणि ज्यानं पैठण रस्त्यावर ती अनुभवलीय त्याला भयानक रसासाठी बर्फाची गरज पडणार नाही.

राहता राहिला प्रश्न, की ज्या विधीवर श्रद्धा नाही त्याचा आवाज वापरावा का. याचं उत्तर मेटलवाल्यांच्या फार आधी एका शाहिरानं देऊन ठेवलंय. विठ्ठल उमप आंबेडकरी चळवळीतले, बौद्ध. तरी त्यांचं सर्वात गाजलेलं सादरीकरण ‘जांभूळ आख्यान’ हे गोंधळाच्या अंगाचं आहे, परभणीच्या राजाराम कदमांसारख्या गोंधळ्यांनी जपलेल्या परंपरेतलं. पाच पतींची द्रौपदी मनातून कर्णाकडं ओढली जाते आणि कृष्ण एका जांभळाच्या निमित्तानं ते उघड करतो, अशी ही कथा. महाभारताच्या मानदंडावर याहून मोठी पाखंडी गोष्ट शोधावी लागेल. आणि ती देवीसमोर, संबळाच्या तालावर, परंपरेच्या आतूनच सांगितली जात आली. उमप मंचावर ती सांगायचे तेव्हा कवड्यांच्या माळा त्यांच्या गळ्यात कुणी घातलेल्या नसत, त्यांनी त्या स्वतः निवडलेल्या असत, आणि कार्यक्रम संपल्यावर काढून ठेवायचा हक्कही त्यांचाच असे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी ते नागपुरात बुद्धाच्या नावानं सुरू होणाऱ्या एका वाहिनीच्या उद्घाटनाला गेले होते, मंचावरच कोसळले. द्रौपदीची ती चोरटी ओढ गाणारा आणि बुद्धाला वंदन करणारा आवाज एकच होता, आणि त्यात विसंगती आहे अशी तक्रार त्यांच्या श्रोत्यांपैकी फारशी कुणी केली नाही.